टेपची मागची बाजू

आमच्याकडे ऊद म्हटलं की लोक धुपाटणं आणायला उठतात. तो नव्हे. माझा ऊद म्हणजे अरबांचं तंतुवाद्य, अर्ध्या कापलेल्या भोपळ्यासारखं पोट, आखूड मान आणि अकरा तारा. महाडच्या बाजारात मी तो खांद्याला लावून निघालो की कोणी ना कोणी विचारायचंच, "काय चाचा, भोपळा कुठं चालवलात?" पंचवीस वर्षांत हा विनोद कोणाला शिळा वाटला नाही. गाढवाला गुळाची चव काय, असं मी तोंडावर सांगायचो. मी पहिल्यापासून तोंडाळ माणूस.

बाहेर तोंडाळ आणि घरात मुका, अशी आमच्यात बऱ्याच पुरुषांची तऱ्हा असते. माझी तर फारच होती. बायकोला जे म्हणून सांगायचं ते मला कधी शब्दांत सांगता आलं नाही. मी ते उदावर वाजवून सांगितलं आणि तिला ते पोचलं, याची मला पक्की खात्री होती. आमचा संसार त्याच्यावर उभा आहे असंच मी धरून चाललो होतो. गेल्या डिसेंबरात मी ऊद विकला, त्या दिवशीपर्यंत.

महाडजवळच्या नाते गावाच्या पुढे आमचं गाव. त्या काळी घरटी एक माणूस गल्फात असायचा, तसा मीही लग्नानंतर आठ महिन्यांनी बहारीनला गेलो. फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश मारायचं काम. शेजारच्या गाळ्यात बसऱ्याचा एक म्हातारा ऊद बनवायचा. मोठा खडूस. मी शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी त्याच्या उदांना पॉलिश मारून द्यायचो, त्याच्या बदल्यात तो मला वाजवायला शिकवायचा. वर्षभरानं त्यानं माझ्यासाठी एक ऊद केला. अक्रोडाच्या पातळ पट्ट्या गरम नळीवर वाकवून एकाला एक जोडलेल्या, सगळं हातानं, एक खिळा नाही. पट्ट्या घासायला मीच होतो. चुकलो की म्हातारा अरबीत आईबहिणीवरून शिव्या द्यायचा. शेवटी तयार झाला तेव्हा त्यानं तो माझ्या हातात दिला आणि म्हणाला, हा घरच्यांसाठी वाजव, लोकांसाठी नको.

घर तर इथं, सावित्रीच्या खोऱ्यात.

त्या वेळी गावात फोन नव्हता. पत्र लिहावं तर आईबापांना वाचता येत नव्हतं, बायको तिसरीपर्यंत शिकलेली. म्हणून आम्ही गल्फवाले टेप भरून पाठवायचो. कॅसेट घ्यायची, रेकॉर्डरसमोर बसून बोलायचं आणि गावाकडं निघालेल्या माणसाच्या बॅगेत टाकायची. महिन्या-दीड महिन्यानं तीच कॅसेट घरच्यांचा जबाब भरून कोणाबरोबर तरी परत यायची. नवी कॅसेट मिळत नव्हती अशातला भाग नाही, पण चांगली वस्तू एकदा वापरून टाकायची हे आमच्या बापाच्या तत्त्वात बसत नव्हतं.

टेप सगळ्यांनी मिळून ऐकायची असते. पडवीत सतरंजी टाकून घर, शेजार, शेजाऱ्यांचे पाहुणे बसायचे. अशा टेपवर बायकोशी काय बोलणार? वडीलधाऱ्यांसमोर बायकोला हाकसुद्धा मारायची नाही, ही आमची रीत. मी एका बाजूला सगळं बोलून टाकायचो. बाबा, विहिरीच्या कठड्याचं काय झालं? आये, गुडघ्याला तेल लाव. अमक्याला सलाम, तमक्याला सलाम. अर्धा तास संपायचा आणि तिच्या वाटणीला शेवटचे पाच शब्द यायचे: आणि घरात सगळ्यांना सलाम सांगा. त्या 'सगळ्यां'मध्ये ती.

मग मी कॅसेट उलटी करायचो आणि मागच्या बाजूला ऊद वाजवायचो. पुरा अर्धा तास. एक धून मीच बसवली होती, हळू चढत जायची आणि वर जाऊन थांबून राहायची. दर टेपवर ती असायचीच, बाकीचं बदलायचं. डोळ्यांसमोर बायको असायची, विहिरीवरून येताना एका हातानं पदर धरणारी. आठ महिन्यांच्या संसारातलं तेवढंच माझ्याकडं होतं. मला तुझ्याशिवाय करमत नाही, मी येणार आहे, तू धीर धर, हे सगळं त्या अर्ध्या तासात मी सांगून टाकायचो. बोलून काही दाखवलं नाही. बोलायची गरजच काय? बाकीच्यांना वाटेल पोरगा वाजवतो, आणि जिला समजायचं तिला समजेल.

जबाब यायचा तो त्याच मागच्या बाजूवर. पुढच्या बाजूला माझा आवाज तसाच, मागं घरच्यांचा. बाबा, आये, भाऊ, सगळे मन लावून बोलायचे आणि अगदी शेवटी कोणीतरी तिला पुढं ढकलायचं. "मी बरी हाय. तब्येतीला जपा." बस्. तेवढं मी मागं नेऊन नेऊन दहादा ऐकायचो. माझा ऊद पुसला याचं मला कधी वाईट वाटलं नाही. ऐकून झाल्यावर पुसला तर बिघडलं काय?

पहिल्या सुट्टीला आलो तेव्हा विचारलं होतं तिला. "टेप ऐकायचीस का?"

"ऐकायची की."

"सगळी?"

"सगळी."

"आवडायचं?"

तिनं खाली बघितलं, कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि म्हणाली, "हां." मला आणखी काय पाहिजे होतं! त्या एका 'हां'वर मी पुढची अकरा वर्षं बहारीनमध्ये काढली. परत कधी विचारलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

कायमचा परत आलो तेव्हा बाकीचे रंगीत टीव्ही घेऊन आले, मी ऊद मांडीवर घेऊन आलो. पोलादपूरच्या अलीकडे हायवेला टायर पंक्चरचं दुकान टाकलं. कशेडीचा घाट चढून-उतरून आलेले ट्रक थांबायचे, धंदा बरा चालायचा. घरी संध्याकाळी पडवीत वाजवायला बसायचो. बायको आतून ओरडायची, "वाजवा हो, पण आधी नारळ सोलून द्या." तिच्या दृष्टीनं तो माझा नाद होता, दुसऱ्या कोणाला तंबाखूचा असतो तसा. मला त्यात काही वाटायचं नाही. टेपवरची ती धून मात्र मी घरात एकदाही वाजवली नाही. सांगून झालेलं परत काय सांगायचं? शिवाय बाबा होते, पोरगी मोठी होत होती. लाज वाटायची.

टायर खोलून खोलून बोटं गेली. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकलं ते सरळ व्हायचं नाव घेईना. पोलादपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, ऑपरेशन करू शकतो पण साखर एवढी असताना नको. दोन वर्षं ऊद खुंटीला लटकत राहिला. आमचा पावसाळा म्हणजे चार महिने भिंतीतून पाणी, त्यात वाजत नसलेलं लाकूड लवकर सडतं. पोटाच्या दोन पट्ट्यांमध्ये फट दिसली तेव्हा पोरगी म्हणाली, "बाबा, वाजवणाऱ्याला द्या. नायतर एक दिवस सरपणात जाईल." ती पोलादपूरला शाळेत शिकवते, स्पष्ट बोलते. माझ्यावर गेलीय. तिनंच फोनवर फोटो टाकला. मी तीन दिवस तिच्याशी बोललो नाही, मग म्हटलं, बोलाव कोणाला ते.

पुण्याहून एक बाई आली. पस्तिशीची असेल, एकटी गाडी चालवत वरंध्याच्या घाटानं उतरली होती. मी तोंडावर विचारलं, "भिंतीला लावायला हवाय का?" आधी एक हॉटेलवाला येऊन गेला होता, त्याला मी पाणीही न विचारता वाटेला लावलं होतं. बाई खाली बसली. ऊद घेतला, कान लावून एकेक तार जुळवली, फटीवरून बोट फिरवलं आणि वाजवायला लागली. काय सांगू! त्याच्या अंगात अजून तो आवाज होता, माझ्याच हातात उरला नव्हता. मला राग आला तिचा. आणि मग मी म्हटलं, घेऊन जा.

व्यवहार पाच मिनिटांत झाला. निघायच्या आधी ती म्हणाली, "काका, एकदा तुम्ही वाजवा ना. मला ऐकून जायचंय."

"बोटं नाहीत."

"आहेत तेवढ्यांनी वाजवा."

आहेत तेवढ्यांनी जमण्यासारखी एकच गोष्ट होती, ती धून. हळू चालीची आहे, दोन बोटांत येते. म्हटलं, आता कोण हसणार आहे. वाजवली. मधे दोनदा अडकलो, तार खरखरली, तरी वरपर्यंत नेली.

डोळे उघडले तर बायको दारात उभी, हाताला पीठ. "ह्ये कुठलं?" ती म्हणाली. "ह्ये नाय वाजवलंत कधी."

मला हसू आलं. "अगो, टेपवरचं. विसरलीस?"

"कुठल्या टेपवर?"

"बहारीनच्या. मागच्या बाजूला वाजवायचो ते."

"मागच्या बाजूला कुठं काय होतं? ती कोरी असायची. तिच्यावर आम्ही आमचं बोलायचो ना."

"कोरी कशी असेल? लावून बघायचात की नाय?"

"कोण लावणार? टेपचा रेडिओ बाबांच्या कपाटात. तुमचं बोलून झालं की आये म्हणायची, माझ्या पोराचा आवाज पुसायचा नाय, पलीकडची बाजू रिकामी हाय, तिच्यावर भरा." ती पुण्याच्या बाईकडे वळून कौतुकानं सांगायला लागली, "सासूबाई पुढची बाजू परत परत लावायच्या. टेप परत जाईपर्यंत. रडायच्या."

मी विचारलं, "मग तू 'आवडायचं' म्हणालीस ते काय?"

"कधी?"

"पहिल्या सुट्टीला."

तिला आठवेना. कसं आठवणार, चाळीस वर्षांपूर्वीचं. मग म्हणाली, "तुमचा आवाज ऐकायला आवडायचा, तेच बोलले असेन."

तेरा वर्षं, वर्षाला पाच-सहा टेपा. हिनं एक सूर ऐकला नव्हता. पोराच्या मायेपोटीच माझ्या आईनं ते सगळं पुसून टाकलं होतं, आणि "मी बरी हाय, तब्येतीला जपा" हे जे मी दहादा ऐकायचो ते त्याच्यावरच भरलेलं होतं. आणि ही माझी बायको, हिचं वय तेव्हा वीस. टेपवर नवरा आईच्या गुडघ्याची चौकशी करतो, विहिरीच्या कठड्याची करतो, आपल्यासाठी 'सगळ्यांना सलाम'. एवढंच ऐकून हिनं तेरा वर्षं माझ्या आईबापांचं केलं. मी इकडे समजत होतो की हिला सगळं माहीत आहे. त्याच भरवशावर परत आल्यावरही मी तोंड उघडलं नाही.

पुण्याच्या बाईला काय उमगलं माहीत नाही, पण तिनं ऊद माझ्याकडे सरकवला. "काका, नसेल द्यायचा तर राहू दे. खरंच."

"घेऊन जा," मी खेकसलोच तिच्यावर. बिचारी चपापली. पण ठेवून करणार काय होतो? दोन बोटांनी रोज खरखर करून हिला चाळीस वर्षांपूर्वीचं समजावणार होतो?

"मी ही धून बसवते," ती म्हणाली. "काकूंसाठी फोनवर भरून पाठवते."

"नको बाय," बायको म्हणाली. "तू वाजवलेलं घेऊन मी काय करू?"

तिनं बाईला जेवूनच जा म्हणून आग्रह केला, ती थांबली नाही. घाटात उजेड असताना चढायचं होतं. बायकोनं पिशवीभर कोकमं दिली. ऊद मागच्या सीटवर आडवा ठेवून बाईनं त्याला पट्टा लावला. गाडी गेली आणि आम्ही दोघं पडवीत उभे राहिलो.

मला वाटलं ती आत जाईल. ती खाली बसली, बोटांवरचं सुकलेलं पीठ चोळून काढत. मग तिनं विचारलं, "काय होतं त्याच्यात?"

"कशात?"

"मागच्या बाजूला. काय सांगायचं होतं?"

आम्ही दोघंच होतो. बाबा गेले, आये गेली, पोरगी पोलादपूरला. ऐकायला शेजारीसुद्धा नव्हता. मला फक्त बोलायचं होतं, आणि काय बोलायचं ते मला पाठ होतं. साठी उलटलेल्या बाईला तोंडावर असलं काही सांगायचं म्हणजे... आणि तेवढ्यात माझ्या तोंडातून निघून गेलं, "काय नाय गो. शुक्रवारी सुट्टी असायची. वेळ जायचा नाय."

ती माझ्याकडे बघत थांबली. मी रस्त्याकडे बघत राहिलो.

"असं होय," ती म्हणाली. "मग नाय ऐकलं तरी काय गेलं नाय." आणि गुडघ्यावर हात टेकून उठली आणि उरलेल्या भाकऱ्या थापायला आत गेली.