चालू म्हणजे पुरे

आदिलाबादला आमच्या गल्लीत पाच मजली अपार्टमेंट उभी राहिली. तिला मीच आडवा गेलो होतो, हे परवापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

समोरच्या काकूंनी आपलं टिनाचं घर बिल्डरला दिलं. बदल्यात तिथंच फ्लॅट मिळणार होता. मला वाटलं, आता गाड्या येणार, ओट्यावरच्या गप्पा जाणार. तोंडावर बोलायची हिंमत नव्हती. मी नगरपालिकेत बिननावाची अर्जी टाकली, तीही तेलुगूत. मराठीच्या मास्तरवर कोण संशय घेणार? काम वर्षभर अडलं. तेवढे दिवस काकू गावाबाहेर भाड्यानं राहिल्या. दुखऱ्या गुडघ्यानं, भाजी आणायलाही ऑटो.

आणि गल्ली? ती भरली. खाली चक्की आली, शिंपी आला, कोपऱ्यावर इडलीची गाडी. दूध, दवाखाना, सगळं चपला सरकवून पाच मिनिटांवर. गप्पांना ओटे पुरेनात, तेव्हा चक्कीवाल्यानं बाकडं टाकलं. ज्वारी दळून होते, बाया उठत नाहीत. मला रोज सकाळी घराबाहेर पडायची घाई असते.

परवा गाडीवर काकू शेजारी होत्या. सांबार वाढता वाढता गाडीवाल्यानं विचारलं, "चालु?" मी म्हटलं, "चालू, चालू." त्यानं पळी थांबवली. तेलुगूत चालु म्हणजे पुरे. इतकी वर्षं झाली, तरी मी रोज फसतो.

काकू हसत होत्या. तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "काकू, ती अर्जी माझी होती."

"मालूम हाय."

"कसं?"

"नक्कल मले दिली होती नगरपालिकावाल्याइनं. 'इथं काम चालू हाय' लिवाचं, तं तुमी तेलुगूत 'चालु' लिवलं, म्हंजे 'काम पुरे हाय'. असं तेलुगू गल्लीत एकच मास्तर लिहिते."

"मग बोलल्या काऊन नाही?"

"तुमी कवा बोलता, तेच पाहून राह्यली होती." इडलीचा तुकडा मोडत त्या म्हणाल्या, "वर्षभर मले फिरवलं ना? आता चक्कीवरचा माहा पिठाचा डबा चौथ्या मजल्यावर न्या. लिफ्टनं नाही, पायऱ्यांनी."

त्या लिफ्टनं गेल्या. तिसऱ्या मजल्यावर डबा टेकवून मी कठड्याला धरून उभा राहिलो. छाती धपापत होती, पण इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

वरून काकूंनी वाकून विचारलं, "काय मास्तर, चालु?"

डबा उचलत मी मराठीत उत्तर दिलं, "चालू."