ड्रेसरभाऊंचा चौथा प्रश्न

ड्रेसरभाऊ आजारी जनावराकडे आधी बघतच नसत. दवाखान्याच्या आवारात कुणी बकरू किंवा कुत्र्याचं पिल्लू घेऊन आलं, की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "हागलं कुठी ते दाखवा." मग ते उकिडवे बसत, काडीने ती घाण पसरवत, नाक जवळ नेत. बघणाऱ्यांना शिसारी येई, त्यांना कधी आली नाही. "मालक कायबी सांगते सर," ते एकदा मला म्हणाले, "हे खोटं नाई बोलत."

आरमोरीपासून आत, जंगलाला लागून आमचं गाव. तिथल्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात जखमा धुवायला आणि पट्ट्या बांधायला ते नेमलेले, म्हणून ड्रेसर. डॉक्टरसाहेबांकडे दोन दवाखान्यांचा कारभार असल्याने ते आठवड्यातून दोनदा यायचे. उरलेले दिवस ड्रेसरभाऊच. उंच, जरा वाकलेले, अंगाला कायम फिनाईलचा वास. रस्त्यात भेटले की "जयभीम सर" म्हणत आणि लगेच आमच्या कुत्रीची, काळीची, चौकशी करत.

लहान पिल्लांच्या रक्ताच्या हागवणीची त्यांना धास्ती होती. "रक्त दिसलं म्हंजे रोग समजला असं नाई," ते सांगत. जंत आतड्याला डसून रक्त पीत असले तर हिरड्या पांढऱ्या पडतात, शी डांबरासारखी काळी होते. डोळ्यांना न दिसणारे जंतू असले तर शेंबडासारखी चिकट शी, वर लाल रेघा. हाड किंवा काटा अडकला तर पिल्लू नुसतं कुंथत राहतं. उंदराचं औषध पोटात गेलं असेल तर नाकातून, हिरड्यांतूनही रक्त येतं. आणि पाचव्या कारणाचं नाव ते आवाज खाली आणून घेत: पार्वो. कुत्र्याकडून कुत्र्याला लागणारा रोग; त्याला नेमकं औषध नाही, लस आधीच टोचलेली असावी लागते. म्हणून ते चार प्रश्न विचारत. जंताचं औषध दिलं का? काय खाल्लं? घरात उंदराचं औषध ठेवलं का? आणि बाहेरून नवं कुत्रं आलं का?

एकदा शेजारच्या टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, एका घरची पिल्लं अशीच रक्त हागून मेली, आणि करणी केली म्हणत लोक एका एकट्या राहणाऱ्या म्हातारीच्या दारात जमले. आदल्या दिवशी ती त्या घरी ताक मागायला आली होती, एवढाच तिचा गुन्हा. ड्रेसरभाऊ सायकल हाणत गेले. त्या घरातल्या धान्याच्या ढोलीमागून त्यांनी उंदराच्या औषधाची कुरतडलेली पुडी काढली आणि सगळ्यांसमोर धरली. लोक पांगले. परतल्यावर मला म्हणाले, "कारण नाई सापडलं तं लोक माणसाले धरते सर." मी शाळेत विज्ञान शिकवतो. ही हकीकत मी वर्गात मोठ्या अभिमानाने सांगितली होती.

पुढच्या वर्षी काळीला पाच पिल्लं झाली. माझी मुलगी चिमी तेव्हा आठ संपवून नवव्या वर्षात जायची होती. पिल्लं दीड महिन्याची झाली तेव्हा मी आरमोरीच्या बाजारातून आणखी एक पिल्लू आणलं, पांढरंशुभ्र, झुबकेदार शेपटीचं. चिमीच्या वाढदिवसाला चार दिवस होते, म्हणून ते गोठ्यामागच्या खोपीत लपवलं. ते खाईना. नुसतं ओकायचं. मी त्याला हाताने दूध पाजायचो आणि त्याच हाताने काळीच्या पिल्लांना उचलायचो. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ते मेलं. मी नाल्याकाठी पुरलं आणि कुणाला काही बोललो नाही.

पाच दिवसांनी काळीचं पहिलं पिल्लू ओकलं. दुपारपर्यंत दोघं रक्त हागत होती. माझी आई म्हणाली, "रविवारी पोरीनं मासोळीचा भात चारला न. काटे टोचले आतून. किती सांगतलं तिले." चिमीने भात चारला होता हे खरं होतं. ती दाराआड जाऊन उभी राहिली. मी ड्रेसरभाऊंना बोलावून आणलं.

त्यांनी रीतीप्रमाणे आधी घाण पाहिली, मग एकेका पिल्लाची हिरडी वर करून पाहिली. हिरड्या पांढऱ्या होत्या. जंताचं औषध आम्ही कधीच दिलं नव्हतं. काय खाल्लं, ते आईने सांगितलं. उंदराचं औषध घरात नव्हतं. मग त्यांनी चौथा प्रश्न विचारला, "बाहेरून नवं कुत्रं आलं होतं का सर?"

मी म्हणालो, "नाही."

का म्हणालो, ते आजही मला नीट सांगता येत नाही. चिमी दारात होती, आई बघत होती, आणि मी सर होतो. ड्रेसरभाऊंनी माझ्यावर विश्वास ठेवला. जंताचं औषध पाजलं आणि म्हणाले, "जंत दिसून राह्यले. काटाबी असू शकते." चिमीने ते ऐकलं.

सकाळी दोन पिल्लं मेलेली होती. ड्रेसरभाऊ आले, दारातच थबकले. घरभर एक सडका, गोडसर वास भरला होता. ते उकिडवे बसले, घाण पुन्हा पाहिली. "काल मी जंतावर अडलो," ते म्हणाले. "हे पार्वो हाये. चुकलं माझं."

ते आमच्या विहिरीवर हात धूत होते तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. बाजार, खोप, नाला. ते हात धूतच राहिले.

"काल सांगतलं असतं तं हे दोन वाचले असते, असं नाई म्हणत मी," शेवटी ते म्हणाले. "पन बाकीचे तीन येगळे ठेवले असते." मग टॉवेलला हात पुसून म्हणाले, "पोरगी काट्याचं धरून बसली हाये. तिले तुम्ही सांगा."

मी नाही सांगितलं. डॉक्टरसाहेबांना फोन करून विचारून ड्रेसरभाऊंनी तिन्ही पिल्लांच्या कातडीखाली सलाईन दिलं. चिमी दर थोड्या वेळाने चमच्याने साखर-मिठाचं पाणी थेंबथेंब पाजत होती, पिल्लं ते ओकत होती, ती पुन्हा पाजत होती. जेवायला उठली नाही. दुसऱ्या दिवशी तिसरं गेलं, मग चौथं. उरलेलं एक, तांबूस, तिच्या मांडीवर होतं. ड्रेसरभाऊ सुई भरत होते.

"भाऊ," चिमी म्हणाली, "काटा काढता नाई येत का पोटातून?"

त्यांचा हात थांबला. "त्याच्या पोटात काटा नाई हाये बाई. तुह्या भातानं काई नाई झालं."

"मंग कायनं झालं?"

"रोग बाहेरून आला."

"कोणी आणला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते सुईतली हवा काढत राहिले. आई चुलीपासून उठून दाराशी आली होती. "मी आणला," मी म्हणालो, आणि उरलेलंही सांगितलं. चिमीने पिल्लू जपून पोत्यावर ठेवलं आणि आत निघून गेली. ऊन उतरायच्या आत तेही गेलं.

खड्डा ड्रेसरभाऊंनी खणला, चुना टाकला. अंगणभर ब्लिचिंगचं पाणी शिंपडलं, चपला त्यात बुडवल्या, कारण गावात आणखी घरी पिल्लं होती. "वर्षभर इथी पिल्लू आनू नोका," एवढंच बोलले.

काळीचे आचळ दुधाने टरारून आले होते आणि ती त्या खड्ड्याजवळ जाऊन उभी राहायची. दोन दिवसांनी ड्रेसरभाऊ पुन्हा आले आणि चिमीला शिकवलं, दूध आटावं म्हणून आचळांना गार पाण्याचं फडकं कसं लावायचं, तिचं खाणं कमी कसं करायचं. मी ओसरीत होतो. चिमीने त्यांना विचारलं, "काळीले माहीत असंल का, बाबानं आणलं म्हणून?"

"नाई बाई. तिले नाई माहीत होत." ते फडकं पिळत राहिले. "तू सांगशीन तरी नाई."

चिमी माझ्याशी कामापुरतं बोलू लागली आणि मग तशीच सवय झाली. मोठी झाली, नागपूरला शिकायला गेली. ड्रेसरभाऊ रिटायर होऊन मुलाकडे चंद्रपूरला गेले. गेल्या वर्षी ते आजारी पडून तिथल्या दवाखान्यात भरती असल्याचा निरोप आला होता. पंधरा दिवसांनी ते गेल्याचा आला.

मी चिमीला फोन केला. ती म्हणाली, "तुम्ही जाऊन आले होते का त्यायले भेटायले?"

हो म्हटलं असतं तर तिला कधी कळलं नसतं.

"नाही," मी म्हणालो. "दोनदा आरमोरीच्या स्टँडपर्यंत गेलो. गाडीत चढलो नाही."

बराच वेळ ती काही बोलली नाही. पण तिने फोनही ठेवला नाही.