उरलेले बारा व्होल्ट

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर भांडण नको. भूत, चकवा, करणी यांतल्या कशाशीही माझा घरोबा नाही. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमावाला. तिठ्यावर उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं तर ओलांडून जाणारा, आणि लिंबू ताजं असेल तर उचलून सरबत करणारा! तरीही वाचकहो, हा किस्सा मी इतकी वर्षं सांगतोय आणि दर वेळी ऐकणारा शेवटी एकच प्रश्न विचारतो. उत्तर नसल्यामुळे मी दर वेळी चहा मागवतो.

सत्तरचं दशक सरून ऐंशीचं नुकतंच लागलं होतं. आज मी नाशिकच्या इंदिरानगरात जिथं राहतो तिथं तेव्हा शेतं होती. पंचवटीत माझ्या इंदूमावशीचं मंडप, लाउडस्पीकर आणि लायटिंगचं दुकान होतं. मावशीचं म्हणजे काकांचं, तिच्या नवऱ्याचं. पण काका त्या वर्षी उन्हाळ्यात अचानक गेले. छातीत कळ आली आणि संपलं.

काका म्हणजे जादूगार माणूस. मिलिटरीच्या लिलावातून त्यांनी एक जुनी जीप उचलली होती. गोदावरीच्या रेतीत मावशीला ती चालवायला शिकवली. रेतीतच का? "आपटली तरी मऊ लागेल," म्हणून! मग सामान न्यायला एक ट्रेलर बनवून घेतला. आता गंमत बघा. मिलिटरीची जीप चोवीस व्होल्टची, आणि ट्रेलरचे दिवे भंगारातून आणलेले, बारा व्होल्टचे. बाराचा बल्ब चोवीसला जोडला तर फट्‌कन जातो. मग काकांनी काय करावं? डावा आणि उजवा असे दोन्ही मागचे दिवे एकापाठोपाठ एक, सिरीजमध्ये जोडले. चोवीस व्होल्ट दोघांत वाटले गेले. बारा याचे, बारा त्याचे.

"नवरा-बायकोसारखं आहे हे, सुध्या," काका मला म्हणाले होते. "भार अर्धा अर्धा. पण एक गेला की दुसराही विझतो."

मावशी तिथंच उभी होती. "वाईट बोलू नका मेलं," म्हणून तिनं त्यांच्या पाठीत चापट मारली होती.

काकांची आणखी एक लकब सांगायला हवी. कुठल्याही कामाची रोषणाई पूर्ण झाली, की ते मेन स्विच झटपट दोनदा बंद-चालू करायचे. सगळा मंडप दोनदा डोळे मिचकावायचा. "सलाम ठोकला," म्हणायचे.

काका गेल्यावर त्यांचे धाकटे भाऊ दत्तूअण्णा दुकानात येऊन बसायला लागले. माणूस वाईट नव्हता, पण जीभ! "वहिनी, बांबू आणि वायरी हे काय बाईमाणसाचं काम आहे का? किल्ल्या द्या, मी बघतो."

मावशी म्हणाली, "हरसूलच्या बाजारपेठेतल्या गणपतीची रोषणाई यांनी कबूल केली होती. ती मी करून दाखवते. बाप्पा बसायच्या संध्याकाळी दिवे लागले नाहीत तर किल्ल्या तुमच्या. लागले, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

"ठरलं," दत्तूअण्णा म्हणाले. आणि गंमत बघायला स्वतःचा टेम्पो घेऊन मागोमाग निघाले!

जीप मावशी चालवत होती. पदर खोचलेला, कपाळाला आठी. शेजारी मी. मागे ट्रेलरमध्ये बांबू, कनाती, तोरणांच्या पेट्या आणि वरून दोरखंडानं आवळलेली ताडपत्री. त्र्यंबक सोडलं आणि पाऊस लागला. हरसूलच्या अलीकडे घाट सुरू झाला तशी धुक्याची भिंतच उभी राहिली. दुपार नुकतीच कलली होती, पण जीपचं नाक दिसत नव्हतं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला... धुकं. म्हणजे दरी.

मागून टेम्पोचा हॉर्न वाजायला लागला, थांबेचना. मावशीनं कडेला घेतलं. दत्तूअण्णा खिडकीतून ओरडले, "वहिनी! मागचे दिवे गेले तुमचे! मी आत्ता ट्रेलरमध्ये घुसणार होतो!"

आवाजात काळजी होती, पण चार आणे आनंदही होता.

"मग तुम्ही पुढं व्हा भावजी. मी तुमच्या मागं येते."

अण्णांनी धुक्याकडे पाहिलं. "छे छे... हा रस्ता माझ्या ओळखीचा नाही. त्यापेक्षा थांबू इथंच. धुकं विरलं की सामान माझ्या टेम्पोत घालू. आज नाही तर उद्या लागतील दिवे."

उद्या म्हणजे किल्ल्या गेल्या. मावशी जीपमधून खाली उतरली. अण्णांनी काच वर केली आणि विडी पेटवली. आम्ही दोघं पावसात मागे गेलो. डाव्या दिव्याची लाल काच उघडली, तर बल्बची तार तुटलेली. एक गेला म्हणून दुसराही विझला होता. आणि जास्तीच्या बल्बांचा डबा? होता की! ट्रेलरच्या पार तळाशी, सगळ्या बांबूंच्या खाली!

मावशीनं गेलेला बल्ब काढून कमरेच्या बटव्यात टाकला. त्याच बटव्यातून सुपारीच्या पुडीची चांदी, म्हणजे आतला चकचकीत कागद, काढली, तिची गोळी वळली आणि रिकाम्या होल्डरमध्ये दाबून बसवली.

वाचकहो, लायटिंगवाल्यांची ही खानदानी सवय. तोरणात चाळीसेक बल्ब एका माळेत असतात. एक गेला तर त्या जागी चांदी दाबायची, की बाकीची माळ पेटते. जाणाऱ्याचा भार उरलेले मिळून घेतात, कुणाला कळतही नाही. पण इथं माळ होती दोनच बल्बांची!

मी किंचाळलो, "मावशी, काय करतेस? आता चोवीसच्या चोवीस व्होल्ट एकट्या उजव्यावर येतील. तो पण जाईल!"

"तुझ्या काकांनी आयुष्यभर हेच केलं."

"तोरणात गं! इथं नाही चालत हे!"

"सुध्या," मावशी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरून पाणी ओघळत होतं, आणि ते सगळंच पावसाचं नव्हतं. "एकटीवर सगळा भार आला की काय होतं, ते मला नको शिकवूस. जा, बटण दाब."

मी बटण दाबलं आणि डोळे मिटले. फट्‌ आवाज येईल म्हणून वाट पाहत राहिलो.

आवाज आला नाही.

मागे जाऊन पाहिलं. उजवा दिवा लागला होता. झगझगीत नाही, धापा टाकत नाही. रोजच्यासारखा शांत, तांबडा. जणू त्याच्या वाट्याला बाराच आले होते. डावा अर्थातच काळोखा. हे मी माझ्या या दोन डोळ्यांनी पाहिलं. मग मावशीनं गिअर टाकला आणि आम्ही घाट उतरलो, मागोमाग अण्णांचा टेम्पो. कसा, ते तिलाच ठाऊक. मी तर गणपतीपासून आमच्या डिप्लोमाच्या सरांपर्यंत सगळ्यांचा धावा करत होतो. पण मावशीनं एकही वळण चुकवलं नाही. काय बाई होती!

हरसूलला पोचलो तेव्हा मंडळाची पोरं धावत आली. "आल्या, आल्या! लय वाट पाह्यली तुमची, मावशी!" बांबू उतरले, तोरणं चढली. तोवर टेम्पोतच बसून राहिलेले दत्तूअण्णा आता खाली उतरले. चेहरा उतरलेला, पण प्रामाणिक.

"वहिनी, खरं सांगतो. तुमचे ते दोन लाल दिवे नसते तर मी आज दरीत असतो."

मी म्हणालो, "एक दिवा, अण्णा. उजवा."

"अरे दोन होते! मी काय आंधळा आहे? उलट डाव्यानंच वाचवलं मला. वळण आलं की आधी तो दोनदा मिटायचा. पटकन, असा." अण्णांनी दोनदा डोळे मिचकावले. "मी म्हटलं, वहिनींनी काय युक्ती केलीये!"

मी त्यांना ट्रेलरमागे नेलं आणि डावी काच उघडली. आत सुपारीची चांदी. अण्णा हसले. "मस्करी करतोस होय? बल्ब आत्ता काढलास."

मावशी मेन स्विचपाशी उभी होती. आमचं हे बोलणं तिच्या कानावर गेलेलंच नव्हतं. आरतीची वेळ झाली. तिनं स्विच टाकला. सगळी बाजारपेठ उजळली, पोरांनी "मोरया!" म्हणून गर्जना केली... आणि मावशीनं हात न काढता झटपट दोनदा बंद-चालू केलं.

दत्तूअण्णांच्या हातातली विडी गळून पडली.

"तसंच," ते म्हणाले. "अगदी तसंच मिटत होता." मग त्यांनी ट्रेलरकडे पाहिलं, आणि एकदम बायकांसारखे रडायला लागले. "दादा..."

किल्ल्यांचा विषय त्यांनी पुन्हा कधीच काढला नाही. उलट पुढं मावशीच्या हाताखाली बांबू बांधायला यायचे, आणि कुणी "बाईमाणूस" म्हटलं की पहिले अण्णाच अंगावर जायचे!

मी मात्र डिप्लोमावाला. नाशिकला परतल्यावर त्याच जीपला, त्याच ट्रेलरला, तीच चांदी लावून प्रयोग केला. फट्‌! दुसरा बल्ब घातला. फट्‌! मावशीनं डबा माझ्या हातातून काढून घेतला म्हणून थांबलो. बॅटऱ्या तपासल्या, वायर न् वायर चाचपली. चोवीस म्हणजे चोवीसच. मग घाटात त्या उजव्यानं बाराच घेतले असतील, तर उरलेले बारा कुणी घेतले? धुक्यात माणसाला भास होतात म्हणावं, तर उजवा बल्ब जळला का नाही? गंजलेल्या होल्डरमुळे करंट कमी आला म्हणावं, तर अण्णांना दुसरा दिवा कुठून दिसला? एका बाजूनं पांघरूण ओढलं की दुसरीकडून पाय उघडे पडतात. मला नाही सुटलं. तुमच्यापैकी कुणी हुशार असेल तर सोडवा, चहा माझ्याकडून.

शेवटचं एक राहिलं. मी जळके बल्ब गोळा करत होतो तेव्हा मावशी दोन नवे बल्ब घेऊन आली. उजवीकडे एक बसवला, मग डावीकडची चांदी काढायला लागली.

मी म्हटलं, "अगं, ती चांदी राहू दे तशीच. आठवण म्हणून."

"नको रे," ती म्हणाली. नवा बल्ब पदरानं पुसला आणि अलगद डाव्या होल्डरमध्ये फिरवला. "घाटापुरतं ठीक होतं. आता किती ओझं उचलायला लावायचं त्यांना? दमले असतील."