माशीवरची टिकली

चहाचं आधण उकळून निम्म्यावर आलं होतं, तरी नम्रता पाष्टे गॅसचा लायटर दोन्ही हातांत धरून, हात ताणून, कॅलेंडरकडे नेम धरून उभी होती. लायटरच्या टोकाला चुन्याचा ठिपका होता. मागच्या बाजूला कपड्यांचा चिमटा रबरबँडने बांधलेला. चिमट्याच्या दोन टोकांच्या फटीतून तो पांढरा ठिपका दिसतो का, हे ती पाहत होती. दिसत होता, पण एकाचे दोन.

वॉकरचा ठक ठक आवाज करत तिच्या सासूबाई, काशीबाई, दारात आल्या.

"काय चाललाय गो तुजा? त्यानं ग्यास पेटवतात."

"पेटवलाय, आत्ये."

"मग माज्यावर कशाला धरतंस?"

कॅलेंडर नेमकं काशीबाईंच्या डोक्यामागे होतं. नम्रताने लायटर खाली केला आणि चहा गाळायला घेतला. हसावंसं वाटलं नाही. वार्षिक गोळीबार चाचणी तोंडावर आली होती.

देवरुखच्या वरच्या अंगाला डोंगरातलं गाव तिचं. भात लावणारी, गवत कापणारी मुलगी पोलिसात भरती झाली, तेव्हा प्रशिक्षणात नेमबाजीचा कप तिनेच उचलला होता. लहानपणी आंब्याचा देठ बघून दगड मारायची सवय, ती कामाला आली, असं ती सांगायची. आता ती हवालदार होती, रत्नागिरीत महिला कैद्यांना कोर्टात ने-आण करायच्या पथकात. कमरेला पिस्तूल. सकाळी निघायचं, संध्याकाळी घरी. नवरा संदेश पोफळीला, वीजघरात कंत्राटी इलेक्ट्रिशियन, शनिवारी यायचा. घरात बारावीतली सानवी आणि सासूबाई. मागच्या पावसाळ्यात रात्री एकट्या बाथरूमला जाताना सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून रात्री त्यांना हात द्यायला कुणीतरी लागायचंच. ते कुणीतरी म्हणजे नम्रता. चाचणीत नापास झालं की पिस्तूल जाणार, पथक जाणार आणि नियंत्रण कक्षातल्या रात्रपाळ्या वाट्याला येणार. मागच्या वर्षी ती कशीबशी काठावर सुटली होती.

दूरचं तिला अजून लख्ख दिसायचं. भाट्याच्या पुलावरून समुद्रातल्या होडीवरची माणसं ती मोजून दाखवायची. धूसर व्हायचं ते हाताच्या अंतरावरचं, आणि पिस्तुलाच्या नळीवरची माशी, ज्या बारक्या उंचवट्यावरून नेम धरायचा तो, बरोबर त्याच अंतरावर असते. चष्मेवाल्याने विचारलं होतं, बाई, काम काय करता? दुकानात ओळखीच्या दोघी बसल्या होत्या. पोलीस हवालदाराला दिसत नाही, ही बातमी दुपारपर्यंत पोलीस वसाहतीत पोचली असती. ती म्हणाली, शिवणकाम. त्याने सुईत दोरा ओवता येईल असा चष्मा करून दिला. तो घालून हात ताणला की माशी धूसरच राहायची आणि समोरचं टार्गेट भिंतीला फासलेल्या पिठासारखं दिसायचं. चष्मा कपाटात गेला.

मग सानवीने मोबाइलवर काय काय शोधून काढलं. परदेशात कुणी पिस्तुलाची मागची खाच, जिच्यातून माशी बघायची, तीच काढून टाकतो, कुणी तिथे गोल कडी बसवतो, कुणी माशीवर चमकता मणी लावतो. यातलं सरकारी पिस्तुलावर काहीच चालणार नव्हतं. सानवीची केशरी नेलपॉलिश उत्तम दिसायची, पण ती खरवडावी लागली असती, आणि खरवडलेल्या पिस्तुलाचा जाब शस्त्रागारातून आला असता. चुना वाळून गळायचा. राईचा दाणा फेविकॉलने चिकटवला, तो चहात पडला.

टिकली तिला आरशापुढे सुचली. गणवेश चढवायच्या आधी ती टिकली काढून आरशावर लावायची, तशी लावली आणि हाताच्या अंतरावरून पाहिली. कडा पुसट, पण गोल जागच्या जागी. एकाचे दोन होत नव्हते. त्याच दिवशी तिने बाजारातून सगळ्यात बारीक, पिवळ्याधमक टिकल्यांचं पाकीट आणलं. लावायला सोपी, काढायला सोपी, डाग नाही.

सरावाच्या दिवशी सड्यावर, जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर, ऊन तापलं होतं. शस्त्रागाराचे भिकाजीअण्णा पिस्तुलं वाटत होते. नम्रताने पाठ वळवून टिकली लावली तरी त्यांनी पाहिलीच.

"पिस्तुलाचं हळदीकुंकू का, ताई?"

"अण्णा, आजचा दिवस."

"जमा करताना काढून द्या म्हणजे झालं. माझ्या नोकरीला टिकली लावू नका."

पहिल्या सगळ्या गोळ्या टार्गेटच्या खाली जांभ्यात गेल्या, तांबडी धूळ उडाली. शेजारची शिपाई शमिका, पंचविशीतली, तिच्याकडे बघून पटकन दुसरीकडे बघू लागली. नम्रताने पिस्तूल पुन्हा डोळ्यांसमोर धरलं. मग तिच्या लक्षात आलं, अर्धी टिकली माशीच्या डोक्यावर येत होती. टिकली खाचेत बसवायच्या नादात नळी खाली झुकत होती. तिने टिकली नखाने उचलली आणि वरची कड माशीच्या माथ्याला जुळवून पुन्हा दाबली. पुढच्या गोळ्या कागदात बसल्या.

चाचणीच्या दिवशीही तेच केलं. पास झाली. संध्याकाळी सानवीने आइस्क्रीम आणलं. काशीबाईंनी विचारलं, काय झाला, बढती? नम्रता म्हणाली, नाही, आहे तेच राहिलं. त्या म्हणाल्या, मग बरा झाला.

पण आहे तेच राहिलं नव्हतं. चाचणीपलीकडचा विचार तिने केलाच नव्हता. ड्यूटीला रोज हाती येईल ते पिस्तूल मिळायचं, त्याच्यावर टिकली कुठली? आता ती रोज सकाळी महिला कक्षात कडी लावून टिकली चिकटवायची. दिवसभर घाम, एसटीचे धक्के, चामड्याचं होल्स्टर. टिकली जागेवर असेल का, याची धाकधूक हातखंब्याचा फाटा गाठायच्या आतच सुरू व्हायची. बघायचं तर पिस्तूल बाहेर काढावं लागलं असतं.

त्या दिवशी जनी मांडवकरला देवरुखच्या कोर्टात नेलं होतं. दिरावर कोयती उगारल्याची केस. नम्रताच्याच वयाची, हडकुळी, अबोल बाई. बरोबर शमिका होती. कोर्टाच्या आवारात गर्दी होती, वकील, पक्षकार, चहाचे पेले नेणारा पोऱ्या. अचानक गर्दीतून जनीचा दीर शिव्या देत पुढे आला, हात वर, हातात काहीतरी लांब.

नम्रताने जनीला मागे ढकललं आणि उजवा हात होल्स्टरवर नेला. बटण उघडलं. दीर तिला स्वच्छ दिसत होता, त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा. त्याच्यामागे बाकावर एक बाई पोराला बिस्कीट भरवत होती, तीही स्वच्छ दिसत होती. पिस्तूल काढलं आणि टिकली जागेवर नसली, तर गोळी कुणाला लागणार हे जिच्यावरून ठरणार, ती माशीच तेवढी दिसणार नव्हती. बोटं पिस्तुलाच्या मुठीवर थिजली. त्याच्या हातात छत्री होती. तोवर शमिकाने त्याला कोपराने भिंतीशी दाबलं आणि कोर्टाचे शिपाई धावत आले.

सगळं निवल्यावर तिघी व्हरांड्यात बसल्या. शमिका अजून धापा टाकत होती. जनीने बेडीतल्या हाताने नम्रताच्या कमरेकडे बोट केलं.

"बाई, तुमची टिकली पडलीय."

होल्स्टरच्या झाकणाच्या कडेला ती पिवळी टिकली उलटी चिकटली होती. कधीची, कोण जाणे. जनीने ती अलगद काढून पुढे धरली. नम्रताने घेतली, आणि परतीच्या वाटेवर ती तिच्या बोटालाच चिकटून राहिली. शमिका काहीतरी बोलत होती. नम्रताच्या डोळ्यांपुढे बिस्कीट खाणारं ते पोर होतं.

मुख्यालयात पिस्तूल जमा करून ती शस्त्रं आणि नेमणुका बघणाऱ्या राखीव निरीक्षकांच्या दाराशी गेली. ते निघायच्या तयारीत होते. तिने सांगितलं, डोळ्यांची तपासणी हवी, आणि तोवर शस्त्र नको. त्यांनी चाचणीचा निकाल आठवून सांगितला, पाष्टे, तुम्ही पास आहात. ती म्हणाली, कशी पास झाले ते सांगते, आणि सांगितलं. भिकाजीअण्णांचं नाव घेतलं नाही.

साहेबांनी टोपी हातात घेऊन दाराबाहेर पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "इतक्या वर्षांत एकदा तरी गोळी झाडलीय का ड्यूटीवर?"

"नाही, सर."

"मग? दोनचार वर्षं निघून जातील. कशाला स्वतःहून?"

"आज हात पिस्तुलावर गेला होता, सर."

त्यांनी टोपी पुन्हा टेबलावर ठेवली. सिव्हिल हॉस्पिटलसाठी पत्र देतो म्हणाले. रिपोर्ट येईपर्यंत नियंत्रण कक्ष. चष्मा नीट लागला तर पुन्हा चाचणी घेऊ, पण पथकातली जागा तोवर रिकामी ठेवता येणार नाही. तिला वाटलं होतं, सांगून टाकलं की मन मोकळं होईल. तसं काही झालं नाही.

घरी आल्यावर आधी पोफळीला फोन केला. संदेशने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, पगार तोच ना? हो म्हटल्यावर म्हणाला, मग आईचं काय?

काशीबाई खाटेवर कुळथाचे दाणे निवडत होत्या. नम्रताने सोमवारपासूनची रात्रपाळी सांगितली. डोळ्यांचंही सांगितलं. त्यांचं सूप थांबलं.

"तुला दिसत न्हाय, तां माज्यापासून लपवलंस?"

"सगळ्यांपासूनच लपवलं, आत्ये."

काशीबाईंनी खडा काढून खिडकीबाहेर टाकला, परत दुसरा शोधू लागल्या. मग म्हणाल्या, "सानवीची गादी माज्या खोलीत घाल."

नम्रताने गादी ओढत आणली आणि खाटेला अगदी लागून अंथरली, काशीबाईंचा हात सहज पोचेल अशी. उशी ठेवली, चादर सारखी केली. सानवीला कानाशी ढोल वाजवला तरी जाग येत नाही, हे दोघींनाही माहीत होतं.