साहेबांचं जेवण

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला घरी चहा पीत होतो. आक्का, माझी थोरली बहीण, स्वतःच बोलत होती, आणि आवाज अगदी नेहमीचा. "सकाळी उठलेच न्हाईत," एवढंच म्हणाली, मग जरा थांबून, "तू ये." लोहा, अहमदपूर करत एसटीनं लातूरला पोचेपर्यंत मला दाजींचं एकही मोठं काम की मोठं बोलणं आठवेना. आठवत राहिला तो त्यांच्या बैठकीतला मासा... तेव्हा स्वतःचाच राग आला. आता महिना उलटल्यावर वाटतं, आठवलं ते बरोबरच होतं.

दाजी मूळचे मुखेडकडचे. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा नव्या कचेरीत कारकून म्हणून लागले आणि एकामागून एका साहेबाची मर्जी सांभाळत तिथूनच निवृत्त झाले. त्याच सुमारास लेक लग्न होऊन पुण्याला गेली आणि मागे तिची काचेची टाकी राहिली. टाकीत एकच मासा, ऑस्कर जातीचा, तळहाताएवढा, काळा, अंगावर निखाऱ्याच्या रंगाचे पट्टे. दाजींनी त्याचं नाव साहेब ठेवलं. "नौकरी सुटली, पण साहेब काय सुटंना," म्हणायचे. नाव त्याला शोभायचंही. पाकिटातले कोरडे दाणे टाकले की तोंडात घ्यायचा, घोळवायचा आणि फूऽ करून बाहेर टाकायचा. शेरा मारून फाईल परत करावी, तसा. त्याला हवी गांडुळं, नाहीतर कलेजीचे तुकडे.

एरवी हे लाड चालूनही गेले असते. पण तो दुष्काळ त्याच वर्षी पडला, लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तो. नळ कोरडे, टँकरचा नेम नाही, दाजी स्वतः अर्ध्या बादलीत आंघोळ उरकायचे. कलेजी टाकली की टाकीतलं पाणी गढूळ होऊन वास मारायचं, आणि बदलायला पाणी आणायचं कुठून? दाणे खाल्ले तर तेच पाणी बरेच दिवस टिकणार होतं. गल्लीत कुजबुज सुरू झाली होती... माणसाला प्यायला न्हाई अन् हे मासा पाळून राहिले. दाजींना ते फार लागलं. त्यांनी मला फोन केला. "पाऊस पडायच्या आत दाणे खायला लागला तर ठीक, न्हाईतर तुमच्याकडं घेऊन जा त्याला. तुमच्या नळाला निदान पाणी तरी हाय." लेकीच्या पाठवणीच्या वेळीही त्यांचा आवाज इतका पडलेला मी ऐकला नव्हता.

मासेवाल्या दुकानदारानं सांगितलेली रीत सोपी होती. काही दिवस उपास घडवायचा, मग दाणे सुक्या झिंग्यांच्या पाण्यात भिजवून टाकायचे, आणि खाल्ले नाहीत तर लगेच जाळीनं काढून घ्यायचे. दाजींनी हे सगळं इमानेइतबारे केलं. साहेब दाण्याकडे ढुंकून बघेना, आणि वाळेनाही. मी लातूरला गेलो तेव्हा दाजी हैराण होते. "मेव्हणे, हा हवा खाऊन जगून राहिला का काय?" मी टाकीत वाकून बघितलं तर पाण्यावर तेलकट तवंग आणि गोट्यामागे कलेजीचा तुकडा. दाजींनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आक्का भाकरी थापता थापता, मान न वळवता म्हणाली, "मंग काय करावं? घरात एक जीव उपाशी, अन् आपण ताटावर बसायचं? घास उतरंना माझ्या घशाखाली." शेजारच्या सुलताना भाभी तिथंच बसलेल्या. त्या हळूच म्हणाल्या, "हौ भाईसाब, मैं भी डाली थोडे." मोरीजवळच्या ओलीतून त्या त्याच्यासाठी गांडुळं काढत होत्या. दाजी भडकणार, एवढ्यात आक्का म्हणाली, "अन् तुम्ही परवा खिशातून काढून काय टाकलं व्हतं त्याला?" दाजी मटकन खुर्चीत बसले. मला हसू आवरेना.

त्यानंतर त्यांनी स्वतःची रीत काढली. "उपाशी त्यालाबी ठेवायचं न्हाई अन् आपणबी ऱ्हायचं न्हाई. त्याच्याम्होरं बसून जेवायचं." खुर्ची टाकीपुढे ओढली. घास मोडायचा, काचेजवळ नेऊन त्याला दाखवायचा, तोंडात घालायचा, सावकाश चावायचा आणि मग एक भिजवलेला दाणा पाण्यात टाकायचा. गल्लीत हसले लोक. मीही थट्टा केली. पण एक दिवस फोन आला. "मेव्हणे, साहेबांनी सही केली." इतका आनंद त्यांना बढतीच्या दिवशीही झाला नव्हता. साहेब नांदेडला आला नाही. पुढे झिंग्यांचं पाणीही लागेना, पण समोर कुणी जेवत असल्याशिवाय दाण्याला तोंड लावायचं नाही, ही खोड कायम राहिली. दाजी तेव्हापासून शेवटपर्यंत त्याच खुर्चीत जेवले.

दाजींच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं पांगली. आक्का रडली नाही आणि जेवलीही नाही. चहा घ्यायची, ताट पुढे केलं की "नको रे" म्हणून सरकवायची. लेकीनं विनवण्या केल्या, भाभी खीर घेऊन आल्या, मी रागावूनही बघितलं. मला खरोखर भीती वाटू लागली होती. एका संध्याकाळी ती टाकीपाशी उभी राहिली. दाणे वर तरंगत होते, साहेब कोपऱ्यात निपचित.

"खाल्लं का यानं?"

"न्हाई. कालपण न्हाई," मी म्हणालो.

ती आत गेली. ताटात भाकरी-पिठलं घेऊन आली आणि दाजींच्या खुर्चीत बसली. घास मोडून काचेजवळ नेला. साहेब हळूहळू कोपऱ्यातून पुढे आला आणि घासासमोर थांबला. तिचा हात तसाच राहिला... बराच वेळ. मग तिनं घास तोंडात घातला, चावला, गिळला आणि एक दाणा पाण्यात सोडला. त्यानं तो घेतला. मला दाजींसाठी पहिल्यांदा रडू आलं ते तेव्हा.

आता मी रोज संध्याकाळी फोन करून विचारतो, आक्का, जेवलीस का.

"ठेव आता," ती म्हणते, "साहेब ताटाची वाट बघून राहिले."