दारापासून लांबची जागा

भूकंपानंतर काही वर्षांत लातुरात जिकडं बघावं तिकडं क्लास निघाले. मी नांदेडहून कॉम्प्युटर शिकून आलो आणि असल्याच एका क्लासच्या ऑफिसात चिकटलो. काम काय, तर दर चाचणीनंतर पोरांना मार्कांप्रमाणं बसवायचं. पहिला नंबर फळ्यासमोर, शेवटचा पार मागं, दाराजवळ. खोलीला दार एकच. असली बसवणूक मला मनातून पटायची नाही, पण पगार देणाऱ्याला कोण शिकवणार!

त्यासाठी मी जावा नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत प्रोग्रॅम लिहिला होता. प्रत्येक पोरगं म्हणजे एक ऑब्जेक्ट. त्यात नाव, गाव, मार्क. कुठलीही दोन पोरं समोरासमोर धरून त्यांतलं आधी कोण ते सांगणारं एक छोटं फंक्शन. बाकी क्रम मशीन लावायचं.

बोर्डाची परीक्षा जवळ आली तसं सरांच्या, म्हणजे क्लासच्या मालकांच्या, डोक्यात आलं की कच्ची पोरं पुढं घ्यावीत. "यादी उलटी करायला किती दिवस लागतील हो?" त्यांनी विचारलं. अहो, दिवस कसले! फंक्शनमध्ये पहिल्याच्या जागी दुसरा लिहिला, दुसऱ्याच्या जागी पहिला. सगळे ऑब्जेक्ट मुकाट्यानं उलटे झाले. यादी काढून मी दारावर चिकटवली.

दुसऱ्या दिवशी सर त्याच क्रमानं हजेरी घ्यायला लागले. मी शेजारी उभा. पहिलं नाव एका मुलीचं होतं. भूकंपातल्या गावची पोर, काकानं इथं खोली करून ठेवलेली. सुरुवातीला हुशार म्हणून आली आणि मग एकेक चाचणी कोरी देत शेवटच्या नंबरावर जाऊन बसली.

"हजर सर."

आवाज स्पष्ट आला. पण समोरची जागा रिकामी होती. सरांनी पुन्हा नाव घेतलं.

"हजर सर."

आवाज मागून येत होता. सगळी पोरं वळून बघायला लागली. मागच्या बाकावर पहिले नंबर बसलेले. त्यांच्यातल्या कुणाचंच तोंड हललं नव्हतं. पंखा तेवढा कुरकुरत होता. खोटं कशाला सांगू, मी भ्यालो.

दारापर्यंत गेलो तर ती बाहेर भिंतीला पाठ लावून उभी. पाठीवर दप्तर, पायात चप्पल.

"आत का येत न्हाईस गं?" मी खेकसलो.

"पुढं न्हाई बसत सर. दार लई लांब पडतं."

"म्हणून कोरे पेपर देत होतीस?"

"हाव."

"अगं येडे, वर्ष जाईल की!"

"जाईल. काका म्हणलाय, नापास झाली की लग्न." हे तिनं बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. माझा राग कुठल्या कुठं गेला.

मग एकदम माझ्या लक्षात आलं. "अगं, आता सगळं उलटं झालंय. दाराजवळ बसायचंय ना? मग पैला नंबर काढ!"

तिनं दारावरची यादी वरपासून खालपर्यंत वाचली. पुढच्या चाचणीत तिनं पेपर असा लिहिला की दुसरा नंबर कितीतरी मागं राहिला. सर खूश, मी त्याहून खूश. ती दाराजवळच्या जागेवर येऊन बसली. चला, सुटली पोरगी, असं मला वाटलं.

पण तिचं फळ्याकडं लक्ष नसायचं. पुढच्या बाकावरच्या, भिंतीशी बसलेल्या पोरांकडं ती टक लावून बघायची. तास सुटेपर्यंत तेच.

"आता काय बघून राहिलीस?" एकदा मी हळूच विचारलं.

"हितून आवाज दिला तर त्यांना ऐकू जाईल का हो, सर?"

"जाईल की. का गं?"

"त्या रात्री मी दाराजवळ झोपले होते," ती म्हणाली. "बाकी समदे आत. मी पळाले, सर. आवाजच दिला न्हाई कुणाला."