किल्ल्यातल्या विहिरीत टाकलेली बाटली

मंडळी, सकाळपासून राग जात नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

ठाण्याहून आलेल्या आतेभावाला घेऊन आज मालवणच्या किल्ल्यात गेले होते. चारी बाजूंना खारा समुद्र आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी. त्या पाण्याच्या जोरावर या तटाआडच्या माणसांनी लढाया काढल्या, वादळं काढली. आजही तिथे काही कुटुंबं राहतात.

विहिरीत वाकून बघता बघता भावाने हातातली कोल्ड्रिंकची रिकामी बाटली सरळ आत टाकली.

शेजारी एक आजी कळशी घेऊन उभ्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, "झिला, ह्या पाणी आमी पितव रे."

हा हसला. "अजून विहिरीचं पाणी पिता?"

"मगे काय दर्याचा पिवचा?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्याला सांगितलं, "बाटली काढल्याशिवाय होडीत बसायचं नाही." आजींनीच दोरीची बादली दिली. अर्धा तास खटपट करून, घामाघूम होऊन त्याने ती काढली. आजींना 'चुकलं' एवढंही म्हणाला नाही. परतीच्या होडीत आपल्या आईला मेसेज टाइप करत बसला.

कट्टा गावातल्या घरी पोचते तोच आत्याचा फोन. "पावण्याक चार माणसांत असा बोलतत काय गो? माफी माग त्याची."

मी विचारलं, "त्याने त्या आजींची मागितली?"

आत्याने फोन ठेवला.

परक्या पर्यटकांना आपण खुशाल शिव्या देतो. घाण करणारा आपल्याच घरचा असला, की गप्प का बसायचं? तुम्ही बसला असतात?